दगडूभाऊ आणि इतर

माझी सगळी नोकरी शेवटच्या पानांत गेली. पीएच.डी.चा प्रबंध तुमच्या हातात कधी आला असेल तर तुम्ही पहिलं पान पाहिलं असेल, आभाराचं पान नीट वाचलं असेल (आपलं नाव आहे का ते बघायला), आणि मग तो मिटून ठेवला असेल. मी मागून सुरुवात करायची. परळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी बत्तीस वर्षं संदर्भ विभागात बसले आणि प्रबंधांच्या शेवटी असलेल्या संदर्भसूच्या तपासल्या. हातात लाल पेन्सिल. कॉलेजात मला पाठीमागे 'लाल परबबाई' म्हणत. गिरणगावात या नावाचा अर्थ वेगळा निघायचा, त्यामुळे दोनदा मोर्चाचं आमंत्रण आलं होतं.

हे काम नेमकं काय, ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेला ते अजून कळलेलं नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगायचं, एवढंच ते काम. शेजारणीकडून विरजण आणलं आणि दही छान लागलं तर आपण तिला सांगतोच ना? फक्त इथे शेजारणीचं आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग तिच्या नावाचं आद्याक्षर, मग कंसात साल, मग विरजणाचं नाव तिरप्या अक्षरांत. स्वल्पविराम चुकला की मी पान परत करायची. या एका कारणावरून एका उमेदवाराचं लग्न पुढे गेलं, असं त्याच्या आईनं मला येऊन सांगितलं होतं. मी तिला म्हटलं, लग्नाचं माहीत नाही, स्वल्पविराम मात्र अजून चुकीचाच आहे.

या धंद्यात मी आले संपामुळे. बाबा लालबागच्या एका गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे कापड विणायचे. संप सुरू झाला तेव्हा ते म्हणाले, गणपतीपर्यंत मिटेल. कुठल्या गणपतीपर्यंत ते बोलले नव्हते. दुसरा गणपती गेला तशी आईनं मला दादरला टायपिंगच्या क्लासला घातलं, आणि चार महिन्यांत मी गिरगावातल्या एका टायपिंगच्या दुकानात प्रबंध टाइप करायला बसले. कच्ची पानं घरी आणायची. बाबा रिकामे. त्यांना इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, पण आकडे पक्के, म्हणून सूचीतली सालं आणि पानांचे नंबर ते ताडून बघायचे. पुढे त्यांना त्यात गोडी लागली. एकदा त्यांनी विचारलं, "ही एवढी नावां कित्याक?"

मी सांगितलं, कुणाचं काम वापरलं ते कळावं म्हणून.

बाबा हसले. म्हणाले, "आमच्या ताग्यार पण साच्याचो नंबर असता. पण तो वाचतत कधी? डाग गावलो की. बऱ्या ताग्यावरचो नंबर कोण वाचता?"

तागा म्हणजे कापडाची गुंडाळलेली लांबी. तिच्या टोकाला कोणत्या साच्यावर विणलं तो नंबर असायचा, आणि तुटका धागा सापडला की त्या नंबरावरून माणूस हुडकायचे. बाबांचं हे बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पोट भरायच्या दिवसांत माणूस तत्त्वज्ञान ऐकून घेत नाही.

टायपिंगच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक मला आजही आठवतं. त्याच्या सूचीत एक नोंद होती: 'माझे सासरे, व्यक्तिगत संवाद, कणकवली.' मी विचारलं, सासरे या विषयातले जाणकार आहेत का? तो म्हणाला, "नाहीत हो, पण नाव नाही टाकलं तर घरी पंचाईत होईल." व्यक्तिगत संवाद, म्हणजे कुणी तोंडी सांगितलेली माहिती, हा प्रकार नियमात बसतो, पण लोक त्यात वाटेल ते कोंबतात, म्हणून मला त्याचा पहिल्यापासून राग. मी सासरे उडवले. पुढे कॉलेजात लागल्यावर तर मी हा प्रकार दिसला की वाचतसुद्धा नव्हते, सरळ रेघ ओढायची.

मग कॉलेजात संगणक आले आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. आधी संशोधक स्वतः मोजायचे, आता प्रोग्राम मोजायला लागले; पण सूचीत प्रोग्रामचं नाव लिहायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. रसायनशास्त्राच्या एका सरांनी 'लेखक: इंटरनेट, प्रकाशनस्थळ: दादर' असं लिहून दिलं. दादर का, तर सायबर कॅफे तिथे होता. एका विद्यार्थिनीनं लिहिलं, 'कु. स्नेहल हिचा पेनड्राइव्ह, निळा'. तिसऱ्यानं आभाराच्या पानावर संगणकाचे आभार मानले, ते 'आई-वडील' आणि 'श्री स्वामी' यांच्या मधोमध. आणि प्राणिशास्त्राचे एक गाइड तर माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "बाई, फुकट मिळालेल्या गोष्टीचं नाव कसलं लिहायचं? श्वास घेतो तेव्हा हवेचं नाव लिहितो का आपण?"

फुकट म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. हा प्रकार मलाही उशिरा समजला. कुणीतरी एक प्रोग्राम लिहितो आणि त्याचं आतलं सगळं उघडं करून इंटरनेटवर ठेवतो. घ्या, वापरा, उघडून बघा, बिघाड सापडला तर नीट करून परत द्या. त्याला किंमत नसते, मुखपृष्ठ नसतं, प्रकाशक नसतो. आणि प्रकाशक नसलेल्या वस्तूला माझ्या नियमांच्या वहीत रकाना नव्हता.

आमच्याच कॉलेजात असा एक माणूस होता. महेश गावकर, काळाचौकीत राहणारा, संगणक प्रयोगशाळेत अकरा वर्षं कंत्राटावर. दर जूनमध्ये नवीन पत्र, दर मेमध्ये धाकधूक. त्यानं प्राणिशास्त्रवाल्यांसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. बाजारातली मासळी ताटात मांडून फोटो काढायचा, फोटो प्रोग्रामला द्यायचा, तो मासे मोजतो आणि प्रत्येकाची लांबी सांगतो. पहिल्या दिवशी फोटो पडद्यावर आडवाच चालायला लागला म्हणून महेशच्या आईनं त्याचं नाव ठेवलं कुर्ली. खेकड्याला मालवणीत कुर्ली म्हणतात. तेच नाव टिकलं.

कुर्ली भलतीच चालली. मासळीवरून ती धान्याच्या दाण्यांवर गेली, मग रक्तातल्या पेशींवर, मग कापडातल्या धाग्यांवर. कुठल्या कुठल्या गावांतून महेशला पत्रं यायची. ती सगळी एकाच प्रकारची: कुर्ली चालत नाही, ताबडतोब बघा. कुर्ली चालली असं सांगणारं पत्र अकरा वर्षांत एकही आलं नाही. बाबा असते तर त्यांना अजिबात नवल वाटलं नसतं.

मग कॉलेजात परिपत्रक आलं. प्रयोगशाळेतलं एक तांत्रिक पद कायम होणार, बाकीची कंत्राटं बंद. मुलाखत पुढच्या वर्षी, परीक्षा आटपल्यावर. अट अशी की उमेदवाराच्या कामाचा संशोधनात उल्लेख झालेला असला पाहिजे, आणि तशी यादी जोडली पाहिजे. महेश माझ्याकडे आला.

"बाई, तुम्ही सगळ्या सूच्या बघता. कुर्लीचं नाव कुठे कुठे आहे, जरा सांगता का?"

मी आठ दिवस कपाटं धुंडाळली. कुर्ली वापरून केलेले प्रबंध ढीगभर होते. आत मासळीचे आकडे होते, तक्ते होते, कुर्लीनं काढलेले आलेख होते. सूचीत कुर्ली कुठेच नव्हती. मी महेशला शून्य सांगितलं. त्याचं तोंड उतरलं, पण तो मुकाट्यानं हो म्हणाला आणि मुलाखतीची मुदत मला लक्षात राहावी म्हणून काउंटरवरच्या डब्यातली चिठ्ठी घेऊन त्यावर महिना लिहून दिला.

त्या चिठ्ठ्या म्हणजे काटकसर. विद्यार्थ्यांनी तपासायला दिलेल्या प्रबंधाच्या कच्च्या प्रती आम्ही चार तुकडे करून पाठकोरे म्हणून वापरायचो. मी सवयीनं चिठ्ठी उलटली. मागे टाइप केलेलं होतं: 'गावकर, म. कुर्ली: मासळी मोजण्याचा प्रोग्राम.' त्यावर आडवी लाल रेघ. बाजूला माझ्या अक्षरात, 'प्रकाशक? स्थळ? अग्राह्य.'

चिठ्ठी लपवावी तर महेश समोरच.

"मला माहीत होतं, बाई," तो म्हणाला. "ज्या पोरीनं हे लिहिलेलं, तिनंच तेव्हा सांगितलेलं."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही केलंय म्हणजे नियमानंच केलं असणार ना."

एवढं वाईट मला नोकरीत कुणी बोललं नव्हतं, आणि तो तर मला बरं वाटावं म्हणून बोलला होता. तो गेल्यावर मी डबा पालथा केला, मग कपाटातले चिठ्ठ्यांचे गठ्ठे. दोन दिवसांत आणखी सहा सापडल्या. सात विद्यार्थ्यांनी त्याचं नाव लिहिलं होतं आणि सातही वेळा ते मी खोडलं होतं. शून्य हा आकडा कुर्लीनं काढला नव्हता, मी काढला होता.

वर्ष हातात होतं. मी कंबर कसली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हे सगळं शिकले, आणि सांगते, अवघड काहीच नाही. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल ठेवायची. तिच्यात साध्या ओळी: प्रोग्रामचं नाव, लेखक, साल, आवृत्ती, कायमचा पत्ता. ती फाइल दिसली की इंटरनेटवर प्रोग्रामच्या पानावर आपोआप एक बटण येतं. विद्यार्थी बटण दाबतो, त्याला सूचीची तयार ओळ मिळते, तो ती उचलून चिकटवतो. विद्यार्थी आळशी नसतात असं मी म्हणणार नाही, पण त्यांना सोपं करून दिलं की ते प्रामाणिक होतात हे मी डोळ्यांनी पाहिलं. कायमचा पत्ता म्हणजे, प्रोग्रामची एक प्रत एका भांडारात जमा करायची. ते एक नंबर देतं. प्रोग्रामनं पुढे घर बदललं तरी त्या नंबरावर तो सापडतो.

आवृत्ती कशाला लिहायची, ते मात्र मला महेशनं समजावलं. कुर्लीच्या पहिल्या आवृत्तीत ताट धरणाऱ्याचा अंगठा फोटोत आला तर तोही मासा म्हणून मोजला जायचा. त्या वर्षीच्या एका प्रबंधात मुंबईच्या किनाऱ्यावर 'सुमारे सहा सेंटिमीटर लांबीची, खवले नसलेली, ओळख न पटलेली जात' सापडल्याची नोंद आहे. तिच्यावर पुढे चर्चासत्रात दोन निबंध वाचले गेले. म्हणून आवृत्ती लिहायची.

आता लेखक. मी महेशला म्हटलं, तुझं नाव घाल. तो अवघडला. म्हणाला, मी एकट्यानं कुठे केलंय, मंडळातल्यांनी पण हात लावलाय. हे खरं होतं. त्याच्या वाडीच्या गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत एक संगणक होता, आणि मंडळाचे सेक्रेटरी संतोष राणे, दिवसा बँकेत अधिकारी, यांनी आणि त्यांच्या बहिणीनं कुर्लीचा बराच भाग लिहिला होता. मी म्हटलं, मग त्यांनाच फाइल करू दे. प्रवेशाच्या कामात महेश अडकला होता, म्हणून मी स्वतः मंडळाच्या खोलीत गेले आणि संतोषना बजावलं, "हे बघा, एक नाव सुटता कामा नये. कुणालाही वगळू नका." एकाच माणसाला सात वेळा खोडलेली बाई दुसरं काय सांगणार?

"बाई, बिनधास्त राहा," संतोष म्हणाले. "नावं टाकायला आपल्याला शिकवायला नको."

गिरणगावातल्या मंडळाचा फलक ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं कळलं असेल. मला कळायला हवं होतं, माझा जन्म तिथलाच. मंडळाचा कुठलाही कागद निघाला की नावं ठरलेल्या क्रमानं येतात. सगळ्यात वर आधारस्तंभ, मग मार्गदर्शक, मग सल्लागार, अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, महिला आघाडी, आणि सगळ्यात खाली, जागा उरली तर, ज्यांनी काम केलं ते. संतोषनी माझा शब्द पाळला. फाइलीत एक्केचाळीस लेखक टाकले. एकही सुटला नाही. पहिलं नाव आधारस्तंभ दगडूभाऊंचं आणि एक्केचाळिसावं महेश गावकरचं. संतोषनी स्वतःला चाळिसावं ठेवलं होतं, कारण ते सभ्य गृहस्थ आहेत.

दगडूभाऊ म्हणजे काळाचौकीतले मंडपवाले. लग्न असो, बारसं असो, बांबू दगडूभाऊंचे. मंडळाला पंचवीस वर्षं मंडप आणि वायर तेच देत. शिक्षण सातवी, तेही अर्धी.

यंत्राला आधारस्तंभ काय आणि काम करणारा काय, काही कळत नाही. ते पहिलं नाव घेतं आणि नावं फार असली की बाकीची गुंडाळतं. बटण दाबलं की ओळ यायची: 'दगडूभाऊ आणि इतर. कुर्ली.' मी ती पाहिली तेव्हा बटण लागून दहा दिवस झाले होते, प्रत भांडारात जमा झाली होती, आणि तिथे जमा झालेलं पुसता येत नाही. फक्त नवी आवृत्ती काढता येते. मी धावत संतोषना गाठलं.

"अहो, हे काय केलंत? महेश कुठे आहे?"

"आहे की, बाई. 'इतर'मध्ये."

"आधी त्याचं नाव पाहिजे!"

"आणि भाऊंचं खाली घेऊ?" संतोषनी हात जोडले. "बाई, आपला एक कागद आजवर भाऊंच्या नावाशिवाय निघालेला नाय. गणपती तोंडावर आलाय. भाऊंनी बांबू नाय सोडले तर बाप्पा काय फुटपाथवर बसवायचा?"

गणपती होईपर्यंत थांबायचं ठरलं. कुर्ली थांबली नाही. बटण सोपं होतं ना! अकरा वर्षांत ज्यांनी एक नाव लिहिलं नव्हतं ते सटासट बटण दाबायला लागले. माझ्याच टेबलावर प्रबंध येऊ लागले आणि प्रत्येकाच्या सूचीत, स्वल्पविरामासकट बिनचूक, दगडूभाऊ. मी लाल पेन्सिल घेऊन बसायची आणि खोडायला काही सापडायचं नाही. हवेवाले प्राणिशास्त्राचे गाइड मला कौतुकानं म्हणाले, "या दगडूभाऊंचं काम फार मूलभूत आहे हो. दक्षिणेतले आहेत का?" एका विद्यापीठानं मंडळाच्या पत्त्यावर दगडूभाऊंना बीजभाषणाचं आमंत्रण धाडलं. गणपतीत काळाचौकीच्या नाक्यावर भलामोठा फलक लागला, वर दगडूभाऊंचा गॉगलवाला फोटो, खाली 'आंतरराष्ट्रीय संशोधक'. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी महेशकडे बघवत नव्हतं. तो रोज प्रयोगशाळा उघडायचा, कुर्ली चालत नाही म्हणणाऱ्यांना उत्तरं लिहायचा. ती पत्रं मात्र अजून त्यालाच यायची.

गणपती झाला, नवी आवृत्ती निघाली, तिच्यात नावं नीट लावली: गावकर, राणे, राणे. पण जुनी ओळ तोवर सगळीकडे पोचली होती; पोरं एकमेकांच्या सूचीतून तीच उचलत राहिली, आणि उन्हाळ्यात मुलाखत येऊन ठेपली. महेशनं यादी जोडली. उल्लेख भरपूर, आणि सगळे जुन्या आवृत्तीचे. कॉलेजच्या कार्यालयानं ते तपासलं आणि नियमाप्रमाणे पत्र काढलं: सदर संशोधनाचे प्रथम लेखक श्री. दगडूभाऊ यांनी मुलाखतीस समक्ष हजर राहावे.

दगडूभाऊ हजर राहिले. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, कपाळाला गुलाल, सोबत मंडळाचे वीस कार्यकर्ते आणि बेंजो पार्टी. बेंजो वॉचमननं गेटवर अडवला, तिथेच तो वाजत राहिला. मुलाखत प्राचार्यांच्या दालनात होती. संदर्भांचा प्रश्न निघणार म्हणून मला कोपऱ्यात बसवलं होतं. महेश एका खुर्चीवर, भाऊ दुसरीवर, आणि समितीला दोघांतला उमेदवार कोण हेच कळेना. बाहेरगावाहून आलेले समितीचे अध्यक्ष भाऊंकडे वळले.

"कुर्लीमध्ये आपण नेमकं काय केलंत?"

"मी? खाल्ली," दगडूभाऊ म्हणाले. "लहानपणापासून खातोय. यांच्या आईच्या हातची फस्क्लास."

"आम्ही प्रोग्रामबद्दल विचारतोय."

"त्याच्यात मी वायर दिली. तीस मीटर."

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले की कागदोपत्री आपण प्रथम लेखक आहात, आपलं योगदान मोठं दिसतं, आणि श्री. गावकर हे एक्केचाळिसावे आहेत.

दगडूभाऊ उठून खिडकीपाशी गेले. बेंजो ऐकू येत होता. त्यांनी खिडकीतून हात करून तो बंद करायला लावला. मग त्यांनी महेशला विचारलं, "म्हणजे तुझी नोकरी माझ्या नावापायी अडकली?"

महेश फायलीची नाडी सोडायला-बांधायला लागला.

"साहेब," भाऊ अध्यक्षांना म्हणाले, "मंडपाचं मागाहून. त्याच्या आधी मी गिरणीत बदली होतो. कायमचा माणूस रजेवर गेला की त्याच्या साच्यावर उभं राहायचं. कापड मी विणायचो आणि ताग्यावर नंबर त्याचा. एकदा साहेबानं चांगल्या ताग्याबद्दल त्याला बोलावून पाठ थोपटली. मी बाजूला उभा होतो, हातात झाडू. संप झाला, गिरणी गेली, तो माणूसही गेला. ती पाठ मी अजून विसरलो नाय. आणि आज मीच याच्या ताग्यावर नंबर मारून बसलोय होय? लिहून घ्या, हे सगळं या गावकरनं केलंय. मी फक्त वायर दिली."

मला बाबा आठवले. बऱ्या ताग्यावरचा नंबर वाचणारं कुणीतरी निघालं होतं.

समिती मात्र समितीच. अध्यक्ष म्हणाले, भावना कळतात, पण हे तोंडी झालं. आम्हाला संदर्भ लागतो. लिखित, प्रमाणित, मान्य स्वरूपातला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "परबबाई, नियमात काही बसतं का?"

मी उठले. म्हटलं, बसतं. जाणकारानं समक्ष सांगितलेली माहिती संदर्भ म्हणून देता येते. नाव, प्रकार, स्थळ, दिनांक. त्याला व्यक्तिगत संवाद म्हणतात, आणि जगभर मान्य आहे. आयुष्यभर जो प्रकार दिसला की रेघ ओढली, त्याची मी पाच मिनिटं वकिली केली. कणकवलीच्या सासऱ्यांची मनोमन माफी मागितली. अध्यक्षांनी विचारलं, "पण हे गृहस्थ जाणकार आहेत का?" मी म्हटलं, "सर, तुमच्याच यादीप्रमाणे या विषयात यांच्याइतका उल्लेख दुसऱ्या कुणाचा नाही."

अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही माझ्याकडे सरकवली. तिच्यात मी स्वतः ओळ घातली: 'दगडूभाऊ, व्यक्तिगत संवाद, प्राचार्यांचे दालन, परळ.' समितीला खरं काय ते पटलं की नाही मला ठाऊक नाही; त्यांना ओळीचा साचा पटला. महेश कायम झाला. बाहेर बेंजो पुन्हा सुरू झाला, आणि पत्र अजून हातात न पडलेल्या महेशला दगडूभाऊंनी स्वतःच्या गळ्यातला हार घातला. विद्यापीठाचं बीजभाषण मात्र त्यांनी सोडलं नाही. विषय होता 'मोजमाप', ते बांबूंवर तासभर बोलले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते असं ऐकलं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोपसमारंभ दुपारी होता. सकाळी मी गोदामातून सात प्रबंध काढून आणले, ज्यांच्या कच्च्या प्रतीत मी महेशला खोडलं होतं, ते. बांधीव, सोनेरी अक्षरांचे, विद्यार्थी कधीच नोकरीधंद्याला लागलेले. आता त्यांच्यात काही बदलता येत नाही. मी पहिल्याचं शेवटचं पान उघडलं, 'ग' कुठे येतो ते पाहिलं, आणि समासात लिहिलं: गावकर, म. कुर्ली. आवृत्ती १. टेबलाच्या खणात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याच लाल पेन्सिलीनं.

तिसऱ्या प्रबंधापाशी असताना आरती आली. माझ्या जागेवर यायची होती ती, हुशार आणि माझ्याहून कडक. तिनं आधी पुस्तकाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे: 'ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्याचे नाव वहीत नोंदवले जाईल.' पाटी मी लावली होती. मी उरलेले चार पुरे करीपर्यंत तिनं ती वही आणून टेबलावर उघडली.

मग जरा चाचरत म्हणाली, "बाई, वहीत तुमचं नाव टाकावं लागेल."

"टाक की," मी म्हटलं. "आडनाव आधी."